जिवंत जंतूंच्या गोळ्या

दवाखान्यात बरा झालेला माणूस सहसा परत येत नाही, त्यामुळे त्याचा किस्साही होत नाही. साचतात ते बाकीच्यांचे. सोलापुरात आमच्या डॉक्टरांकडे मी कंपाउंडर होतो, तेव्हाचे हे.

डॉक्टरांच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, संग्रहणी जडली होती. खाल्लेलं अंगी लागेना, ताकसुद्धा पोटात ठरेना. डॉक्टरांनी कुठंसं वाचलं की दह्यातले जिवंत जंतू आतडी सुधारतात. त्या जंतूंच्या विलायती गोळ्या त्यांनी मुंबईहून मागवल्या. पार्सल स्वतःच्या हातांनी फोडलं. वहिनींना सुरू केल्याच, पण पोट धरून येणाऱ्या प्रत्येकालाही देऊ लागले.

*

मंद्रूपचे एक शेतकरी गोळी तळहातावर घेऊन बघत राहिले.

"डाक्टर, आमी किडं मारायला आलो, तर तुमी किडंच गिळायला सांगताय व्हय?"

"हे चांगले किडे आहेत, पाटील."

"चांगला म्हणूनच जावई केला हुता. पोरगी म्हागारी आलीया."

गोळ्या बाकावर ठेवून ते निघून गेले.

*

नरसय्या मिलमध्ये विणकर होता. त्याचं पोट महिनोन्‌महिने बिघडलेलं. गोळ्या नेल्या आणि थोड्याच दिवसांत परत आला.

"डॉक्टरसाब, गोळ्या बंद करा."

"का? गुण नाही आला?"

"आला की. आता भूक लागते."

मिलला तेव्हा टाळं होतं.

*

वहिनी मात्र खंगतच चालल्या. उन्हाळा आमच्या गावचा, रेल्वेच्या डब्यात पार्सलं भाजून निघायची. डॉक्टरांना शंका आली. कोमट दुधात त्यांनी चार गोळ्या कुटून टाकल्या आणि भांडं झाकून ठेवलं. सकाळी दूध नासलं होतं, दही काही लागलं नव्हतं. दुसऱ्या बाटलीतल्या टाकून बघितल्या. तेच.

"वाटेतच मेलेत सगळे," डॉक्टर मला हळूच म्हणाले.

वहिनींना अंथरुणावर ऐकू गेलं. "शेजारून विरजण आणवा की," त्या म्हणाल्या आणि हसल्या. डॉक्टर भांडं घासायला घेऊन गेले. ते बराच वेळ घासत होते.

*

पावसाळ्याच्या तोंडावर वहिनी गेल्या. दिवसकार्य झाल्यावर डॉक्टर दवाखान्यात आले. पहिलाच रोगी होटगी स्टेशनावरचा हमाल. त्याला त्याच पार्सलातल्या गोळ्या दिल्या होत्या.

"लई गुण आला, डाक्टर. अंगात ताकद आली. आता दोन भाकरी खातो."

डॉक्टरांनी त्याला खुर्चीवर बसवलं. "पहिल्यापासून सांगा. कधी बरं वाटायला लागलं?"

हमाल सांगत राहिला, डॉक्टर ऐकत राहिले. बाहेर माणसं ताटकळली. मी दोनदा डोकावलो, त्यांनी हातानंच थांबवलं.

उठताना हमाल म्हणाला, "घरात कुणाला तरास असला तर ह्याच द्या बगा."

"बरं," डॉक्टर म्हणाले.