मिस्त्रींचा कान

भंडाऱ्याजवळच्या एका जुन्या मनोरंजन पार्कात मी मोटारखोलीत बसून आकाशपाळणा चालू-बंद करायचो. पाळण्याची देखभाल करणाऱ्याला सगळे नुसतं मिस्त्री म्हणत. ते फार कमी बोलायचे. रोज आधी रिकामा पाळणा फिरवायला लावायचे आणि डोळे मिटून लोखंडी खांबाला कान लावायचे.

एका रविवारी जवाहरनगरहून बसभर माणसं आली. रांग लागली होती. रिकामी फेरी चालू असतानाच मिस्त्रींनी मला हात करून पाळणा थांबवायला लावला.

मॅनेजर धावत आले. "काहून बंद केला? लोक थांबून राहिले ना."

"आवाज बदलला, साहेब. मले काढाचं असन त काढा, पण मी माणसं बसवू देत नाही."

दुपारी बेअरिंग उघडलं, तेव्हा त्यात केसाएवढी चीर निघाली.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीला मिस्त्रींनी पवनीहून आपल्या म्हाताऱ्या आईला आणलं. तिला पाळण्यात बसवून ते शेजारी बसले आणि मला म्हणाले, "दाब बटन."

ते बटण मी कितीतरी वर्षं दाबलं, पण इतक्या अभिमानानं त्या दिवशीच.