चोरलेला श्वास

आमचे आबा पारोळ्याच्या बाजारात मापाडी. काटे आता विजेचे झाले, तरी आबा पोती गाऊनच मोजतात, आणि 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन... सूर तुटला की व्यापारी खेकसतो, म्हणून मापाडी दोन आकड्यांच्या मध्ये हळूच श्वास चोरतो. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. मला लागतो, कारण मी लहानपणापासून ऐकत आलेय.

आधी त्यांना जुलाब झाले, मग पायांना मुंग्या, आणि एका सकाळी ओट्यावरून उठताच येईना. कोणी म्हणालं अंगावरून वारं गेलं, कोणी कसलंसं तेल सुचवलं. मी म्हटलं, तेल गेलं चुलीत, आणि गाडी करून धुळं गाठलं.

तिथल्या मेंदू आणि नसांच्या डॉक्टरीणबाईंनी आबांच्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हललाच नाही. मग त्यांनी खाटेपाशीच समजावलं, की शरीराची स्वतःचीच फौज नसांवर उलटली आहे. औषध लगेच सुरू करू, बहुतेक माणसं पुन्हा चालायला लागतात. पण ही कमजोरी पायांतून वर चढते. छातीशी आली तर वेळेवर मशीनने श्वास द्यावा लागतो, उशीर झाला तर माणूस हातचा जातो. बोटाला लावतात त्या ऑक्सिजनच्या चिमट्यावर विसंबू नका, तो फार उशिरा सांगतो, असंही म्हणाल्या. म्हणून त्या अधूनमधून येऊन आबांना एका दमात आकडे मोजायला लावायच्या; आकडे घटले की छातीचा जोर घटला.

आमच्या गल्लीतला एक जण मशीनवर गेला तो परत आला नव्हता. बाईंच्या सगळ्या बोलण्यातलं आबांनी 'मशीन' तेवढं धरून ठेवलं.

दुपारी बाई आल्या. आबा सुरू झाले, लाभ, दोन, तीन, ते थेट पंचवीस. सकाळइतकंच आलं, म्हणून बाईंना बरं वाटलं. मला मात्र पत्ता लागला. आठानंतर आबांनी श्वास चोरला होता, पुढे तर दर दोन आकड्यांना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गप्प राहा, असं डोळ्यांनी विनवत होते. जन्मात या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे! असा संताप आला म्हणता.

बाई दारापर्यंत पोचल्या तेव्हा माझं तोंड उघडलं. "मॅडम, आबा श्वास चोरताहेत. पोटावर हात ठेवून मोजायला लावा."

बाई मागे फिरल्या, पोटावर तळहात ठेवला. आबा आठावर थांबले.

मग सगळी धावपळ. खाट ढकलत नेताना आबा मला एवढंच म्हणाले, "तू मन्हीच पोर शे ना?" त्यानंतर घशात मशीनची नळी गेली आणि त्यांचा आवाज बंद झाला. हे त्यांचं शेवटचं वाक्य ठरलं तर मी कुठे तोंड लपवू, याच धास्तीत मी रोज आयसीयूच्या काचेबाहेर उभी राहायचे. बाई येता-जाता सांगायच्या, नसा सावकाश भरून येतात, धीर धरा. धीर कसला, जीव टांगणीला लागला होता.

कित्येक दिवसांनी नळी निघाली. बाईंनी पोटावर हात ठेवला आणि मोजायला सांगितलं. घोगऱ्या आवाजात लाभ, दोन, तीन. चौदावर आबा थांबले आणि माझ्याकडे वळले.

"बस. याना पुढे चोरनं पडी."

मी तिथेच, बाईंच्या देखत, भोकाड पसरलं.