माझ्या बोटांसाठी बदललेली बटणं

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाची बाजू घ्यायची ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

वसमतला एका शिक्षण संस्थेच्या कचेरीत मी बत्तीस वर्षं कारकून आहे. संस्थेच्या शाळा आसपासच्या गावांत विखुरलेल्या आहेत, एक कळमनुरीच्या रस्त्याला, एक सिद्धेश्वरच्या धरणाजवळ. शिक्षकांचे प्रस्ताव, मान्यतेची पत्रं, तपासणीचे अहवाल हे सगळं माझ्या हातून टाइप व्हायचं. मी शिकलो टाइपरायटरवर. आमचे टाइपिंगचे सर पोरांच्या हातांवर रुमाल टाकायचे, म्हणजे बटणं दिसायला नकोत. नजर समोरच्या कागदावर आणि बोटं रुमालाखाली. ती सवय मला अशी लागली की कॉम्प्युटर आल्यावरही मी पडद्याकडे बघायचो नाही. मजकूर संपला की मान वर, एकदा वाचून बघायचं, की झालं. पन्नास ओळींत एखादी चूक निघाली तर निघाली.

कॉम्प्युटर आला तेव्हा लोक घाबरले होते, मी नाही. बसलो आणि बोटं चालली. मराठी अक्षरं टाइपरायटरवर जिथे होती तिथेच होती. पुढे काही वर्षांनी जुने फॉन्ट बंद करून सगळं युनिकोडमध्ये करा असा आदेश आला, नवे कॉम्प्युटर आले, तरीही माझं काही अडलं नाही. बाकीचे कारकून मात्र रडकुंडीला आले. अक्षरं सापडत नाहीत, कीबोर्ड उलटाच आहे, काय काय सांगायचे. मी त्यांना सोडत नसे. "कीबोर्ड बराबर हाय, तुमच्या बोटाला वळण न्हाई," असं मी एका बाईंना सगळ्यांसमोर बोललो होतो. त्या तेव्हा नवीन लागल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि एक एक बटण शोधत बसल्या.

आमच्या कचेरीत कॉम्प्युटरची देखभाल करणारा माझा मित्र आहे. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, मला भाऊ म्हणतो. अठरा वर्षं आम्ही शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो, एका डब्यात जेवलो. त्याच्या बायकोच्या हातचं शेंगदाण्याचं कूट घातलेलं वांगं आणि माझ्या घरच्या ज्वारीच्या भाकरी, असा आमचा रोजचा हिशेब. त्याच्या शर्टाच्या खिशात लाल दोऱ्याला बांधलेला एक पेनड्राइव्ह कायम असायचा. "गळ्यात घाल की, ताईत दिसल," असं मी चिडवायचो, आणि तो हसायचा.

शाळांच्या कामाला आम्ही दोघं बसने जायचो. फाट्यावर उतरलं की शाळेपर्यंत चालत जावं लागतं. तिथे त्याची एक ठरलेली रीत होती. "तुमी या निवांत भाऊ, मी पुढं जाऊन चहा सांगतो." आणि तो झपाझप पुढे निघून जायचा. मी पोचेपर्यंत कॉम्प्युटर चालू, खुर्ची पुसलेली, चहा टेबलावर. मला वाटायचं, वयाचा मान ठेवतो बिचारा. घरी बायकोलाही मी हे कौतुकाने सांगितलं होतं.

आणखी एक गोष्ट. फाइल सेव्ह करायला मी एफ नाइन दाबायचो. हे त्यानेच शिकवलेलं. माझ्या डाव्या हाताची करंगळी पूर्वी बसच्या दारात सापडली होती, ती धड वाकत नाही, त्यामुळे दोन बटणं एकदम दाबताना तकलीफ व्हायची. तो म्हणाला, "एफ नाइन दाबा, जपून ठेवतंय." आणि ठेवायचं. प्रत्येक शाळेत, प्रत्येक कॉम्प्युटरवर ठेवायचं. खंडेनवमीला मी पूर्वी टाइपरायटरची पूजा करायचो तशी पुढे कीबोर्डची करू लागलो, आणि हळदीचं पहिलं बोट एफ नाइनवरच लावायचो. हळद आमच्या वसमतची, एकदा बसली की निघत नाही. दुसऱ्या दिवशी तो लवकर येऊन बटणं काढून साफ करायचा.

गेल्या वर्षी आमचे हेडक्लार्क निवृत्त झाले. ती खुर्ची माझी होती, निदान मी तरी तसंच धरून चाललो होतो. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, एकतीस वर्षं वाट पाहिलेली. संस्थेने मात्र या वेळी एक अट घातली. हिंगोलीला एका खासगी केंद्रात मराठी टाइपिंगची दहा मिनिटांची चाचणी, मिनिटाला तीस शब्द. पत्र वाचून मला हसू आलं. तीस शब्द मी बोलत बोलत टाइप करतो. मी आणि त्या मान खाली घालणाऱ्या बाई, असे दोघंच चाचणीला होतो.

पत्राच्या खाली एक ओळ होती, 'कीबोर्ड: इनस्क्रिप्ट'. मी मित्राला दाखवली आणि विचारलं, "हे काय असतंय रे?"

त्याने पत्र हातात घेतलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "कंपनीचं नाव असल भाऊ. सगळीकडं तेच असतंय."

हे शब्द मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी त्याने रजा टाकली. बहिणीकडे जायचं आहे म्हणाला.

हिंगोलीच्या त्या खोलीत दहा-बारा कॉम्प्युटर होते. देखरेखीला चाळिशीच्या एक बाई होत्या, शांत स्वभावाच्या. मला मजकुराचा कागद मिळाला, वेळ सुरू झाली, बोटं चालू लागली. मी कागदावरून नजर हलवली नाही. शेजारी आमच्या कचेरीतल्या बाई टाइप करत होत्या, त्यांचा आवाज माझ्याहून हळू येत होता आणि मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. चार मिनिटं झाली असतील. पान संपत आलं, मी सवयीने एफ नाइन दाबलं आणि मान वर केली.

पडद्यावर पानभर मजकूर होता आणि त्यात एकही शब्द मराठीतला नव्हता. कुठे नुसत्या मात्रा, कुठे सुटे काने, लहान पोराने बटणांवर थापा मारल्यासारखं. सेव्हही झालं नव्हतं.

"हे मशीन बिघडलंय," मी मोठ्याने म्हणालो. खोलीतले सगळे थांबून बघू लागले. देखरेखीच्या बाईंनी मला दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसवलं, वेळही पुन्हा पहिल्यापासून दिली. मी एक ओळ टाइप करून वर पाहिलं. तोच गोंधळ. "हे बी बिघडलंय," मी म्हणालो, आणि आवाज आणखी चढला. "अशी मशीनं ठेवून परीक्षा घेता?"

बाई जवळ आल्या. अगदी हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं बोलल्या. "मशीन चांगलं आहे काका. हाच इनस्क्रिप्ट, नेहमीचा कीबोर्ड आहे, सरकारी कामाला सगळीकडे हाच लावतात. तुमचा हात जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेला दिसतोय."

"एकतीस वर्षं झाली मला. आमच्या सगळ्या शाळांत हाच कीबोर्ड हाय."

त्या मग म्हणाल्या, "काल एक जण आले होते. खिशात लाल दोरा बांधलेला पेनड्राइव्ह होता. आमचे भाऊ उद्या येणार आहेत, त्यांच्यासाठी एका कॉम्प्युटरची बटणं बदलून ठेवू द्या म्हणत होते. आम्ही बाहेरचं काही घालू देत नाही. फार वेळ बसून होते बिचारे."

उरलेला वेळ मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. उठून जाता येत नव्हतं, नियम होता. शेजारच्या बाईंचा आवाज एका लयीत येत होता. त्यांनी तो कीबोर्ड शिकून घेतला होता. शोधत शोधत, मान खाली घालून, माझे टोमणे ऐकत. मला त्यांच्याकडे बघवेना.

परतीच्या बसमध्ये औंढा येईपर्यंत मी एक एक शाळा आठवत होतो. 'पुढं जाऊन चहा सांगतो.' चहा कसला सांगत होता. मी पोचायच्या आत तो पेनड्राइव्ह लावून बटणांची अक्षरं बदलत होता. माझ्या बोटांना जे हवं ते तिथे आणून ठेवत होता. खंडेनवमीनंतर लवकर येऊन हळद पुसण्याआड काय काय केलं असेल. युनिकोड आल्यापासून अकरा वर्षं मी ज्याला माझी हुशारी समजत होतो, ती त्याच्या खिशात होती. आणि बाकीच्यांना हे माहीत होतं का? माहीत असणार. कॉम्प्युटर तेच, मग त्यांच्यासाठी तो बटणं परत जागेवर नेऊन ठेवत असणार. माझे टोमणे ऐकून ते मनात काय म्हणत असतील, याचा विचार येऊन बसमध्ये माझे कान तापले.

वसमतच्या स्टँडवर तो उभा होता. मी उतरलो तसा पुढे आला. मी विचारलं, "काहून केलंस?"

तो म्हणाला, "तुमाला तकलीफ नको म्हनून."

"कालच्याला हिंगोलीला गेला होतास?"

"व्हय."

"मला काहून सांगितलं न्हाई?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "सांगितलं होतं भाऊ. अकरा वर्सांमागं. नवीन कीबोर्ड आलाय, महिनाभरात शिकून घेऊ म्हनलं होतं. तुमी म्हनले, कालचं पोरगं मला टाइपिंग शिकवतंय का. आठ दिवस माझ्याशी बोलले न्हाई. डबा येगळा खाल्ला. मग म्या गुपचूप तुमच्यासाठी बसवून दिलं. वाटलं, हळूहळू सांगू. मग सांगायचं व्हईना."

ते आठ दिवस मला आठवले. तो खरं बोलत होता, आणि त्याने माझा राग अजूनच वाढला. माझा स्वभाव वाईट आहे, कबूल. म्हणून काय मला अकरा वर्षं आंधळ्यासारखं हात धरून फिरवायचं, आणि मी आंधळा आहे हेही कळू द्यायचं नाही? पत्रातली ती ओळ मी त्याच्या हातात दिली होती. त्या वेळी त्याने नुसतं खरं सांगितलं असतं, तर माझ्या हातात तीन आठवडे होते. शिव्या दिल्या असत्या, पण शिकलो असतो. माझी एक संधी हुकेल म्हणून तो दोन तास बसने हिंगोलीला गेला, अनोळखी बाईपुढे हात जोडून बसला. माझं घर त्याच्या घरापासून चार गल्ल्यांवर आहे. तिथवर त्याला येता आलं नाही.

"माझ्या टेबलावरचं काढून टाक," मी म्हणालो. "सगळीकडचं काढ."

हेडक्लार्कच्या खुर्चीवर त्या बाई बसल्या. त्या मला अजूनही सर म्हणतात, आणि ते ऐकायला जड जातं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्यांचा जुना कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला, बटणांचा हाताने काढलेला नकाशा, कडा मऊ पडलेल्या. मी तो कीबोर्डला टेकवून उभा केला आणि सत्तावन्नाव्या वर्षी नजर खाली करून टाइप करू लागलो. मिनिटाला सात शब्द. मग अकरा. कचेरीत सगळ्यांना ऐकू जायचं, एक टक, मग थांबा, मग एक टक. शेजारच्या टेबलावर तो काम करत असायचा. डबा आम्ही वेगळा खातो. शाळांना एकाच बसने जातो, वेगळ्या सीटवर बसतो, आणि फाट्यावर उतरल्यावर आता तो मागून चालतो.

परवा सिद्धेश्वरच्या शाळेत गेलो होतो. तिथे नवा कॉम्प्युटर आलाय. मुख्याध्यापकांचं पत्र मी पूर्ण टाइप केलं, चौदाच ओळी, पण सगळ्या माझ्या. अक्षरं नव्या मांडणीतलीच होती, कुणी हात लावलेला नव्हता. शेवटी बोट जुन्या सवयीने एफ नाइनवर गेलं आणि फाइल सेव्ह झाली.

मी मागे वळून पाहिलं. तो दारात उभा होता.

"हे कवा केलंस?"

"जुनंच हाय भाऊ. काढायचं राह्यलं."

"हा कॉम्प्युटर मागच्या आठवड्यात आलाय."

तो शर्टाच्या खिशावर हात ठेवून उभा राहिला. माझ्या करंगळीसाठीच केलं होतं त्याने, हे मला समजत होतं. एवढंसं एक बटण, पण तेवढ्यासाठीही त्याला आधी विचारावंसं वाटलं नव्हतं, आणि पकडला गेल्यावर तो पुन्हा खोटंच बोलला होता.

मी पत्रात एक स्वल्पविराम खोडला आणि पुन्हा घातला, म्हणजे सेव्ह करायला काहीतरी राहील. मग डाव्या हाताची ती न वाकणारी करंगळी जोर देऊन कंट्रोलवर टेकवली, दुसऱ्या बोटाने एस दाबलं, आणि दुखलं तरी दोन्ही थोडा वेळ तशीच धरून ठेवली.

"बघ," मी त्याला म्हणालो. "येतंय मला."