ताईच्या बाटल्या आणि माझं पत्रक

सरळ सांगते, मला माझ्या ताईचा हेवा वाटतो. सख्ख्या बहिणीबद्दल असं बोलू नये म्हणतात. का बोलू नये?

आमच्या एकोडी गावात तीन वर्षं मी दारोदार पत्रकं वाटली. ताप आला की मेडिकलमधून गोळ्या आणता, दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या शेजारणीला देता. अशानं उद्या एकही औषध लागू पडणार नाही, हे घसा फुटेस्तोवर सांगितलं. बायका पत्रक घ्यायच्या आणि त्यावर मुरमुरे वाढायच्या. सभेला सात-आठ जणी, त्यातल्या दोघी पेंगणाऱ्या. आणि ताई? ती दूरच्या शहरात प्रयोगशाळेत जिवाणूंची जनुकं वाचते. कोणत्या जनुकामुळे औषध फुकट जातं, ते जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे कसं पोचतं, या शोधात तिची आठ वर्षं गेली. म्हणजे जे मी बोंबलून सांगते, तेच! पण ती गावात आली की घरोघरी खुर्च्या बाहेर निघतात.

यंदा ती बर्फाचा डबा आणि दुधी प्लास्टिकच्या निर्जंतुक बाटल्या घेऊन आली. तिला वीस घरांमागच्या नालीतलं सांडपाणी हवं होतं. माणसांच्या पोटातले जिवाणू त्यातच सापडतात.

"तू सोता उभी राहून भरून घे," ती म्हणाली. "तुले सारे ओळखतात."

ओळखतात! म्हणजे ती शास्त्रज्ञ आणि मी बाटल्या वाहणारी. मी संध्याकाळी घरोघर बाटल्या ठेवल्या, "सकाळी नालीचं पाणी भरून ठेवा" एवढं बोलले आणि निघून आले. सकाळी गोळा करून आणल्या. बाहेरचे जिवाणू शिरू नयेत म्हणून ताईनं झाकणं उघडली नाहीत. नावं लिहून बाटल्या बर्फात ठेवल्या. दुपारी वरठी स्टेशनावरून तिची गाडी होती.

निघायच्या थोडं आधी शेजारची काकी हापशीवर भेटली.

"काय वं, ताईले पाणी पसंत पडलं ना?"

"पसंत म्हणजे?"

"अवं, एवढ्या दुरून आलेल्या लेकीच्या हातात नालीची घाण देऊ का? आमी साऱ्या जणीनं पियाचं पाणी उकळून, गाळून भरलं. माह्या बाटलीत तं तुळशीचं पान बी टाकलं होतं. मंग म्हटलं तोंडाशी अडकल, काढून घेतलं."

"पण उकळायले कोणं सांगितलं?"

"तूनंच तं! तुह्या त्या गोळ्यायच्या कागदावर खाली लिवलं हाय ना, पाणी उकळून, गाळून घ्या."

तीन वर्षांत माझं पत्रक पहिल्यांदाच कुणी पाळलं होतं.

मी ताईला काही बोलले नाही. का ते लपवत नाही. उकळलेल्या पाण्यात काय सापडणार? ती लिहील, एकोडीत सगळं ठीक आहे. मग कधीतरी कुणीतरी तिला खोटं पाडेल. एकदा तरी तिला लोकांसमोर खाली बघावं लागेल. बसमध्ये ती डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि मी खिडकीतून धानाच्या शेतांच्या बांध्या बघत होते.

वरठीच्या फलाटावर ती आपणहून बोलायला लागली. "आपल्या गावचे नमुने शेवटचे. हे वाचून झाले का अहवाल जाईल. तापाच्या माणसाले कोणतं औषध पयले द्यायचं, ते इथले डॉक्टर त्यावरून ठरवतील."

औषध ठरवणार कुणासाठी? काकीसाठी. तिच्या सुनेसाठी. माझ्या त्या पेंगणाऱ्या दोघींसाठी.

"ताई, डब्यात उकळलेलं पाणी हाय."

तिला आधी कळलंच नाही. मी सगळं सांगितलं.

"तुले कधीपासून माहीत हाय?"

"घरून निघालो त्याच्या आधीपासून."

"आन् आता सांगून राहिली?"

"हो. मले तुझा राग येते. मी गावात राहून मरते, आन् लोकं तुलेच विचारतात."

गाडी आली. ताई चढली नाही. गाडी हलल्यावर म्हणाली, "माझा राग कर ना, कोण नाही म्हणते? त्या बायायवर कायले काढते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पिशवीतल्या उरलेल्या बाटल्या घेऊन मी निघाले. प्रत्येक घरामागं नालीशी वाकले. काकी पदर नाकाला लावून ओरडली, "छी वं, हे काय पाठवून राहिली तू तिच्यासाठी?" मी म्हटलं, "हेच पायजे तिले."

ताई ओसरीवर बाटल्यांना लावायच्या चिठ्ठ्या लिहीत बसली होती. एकेक बाटली हातात घेताना तिनं एकच विचारलं, "उभी होती?"

मी म्हणायचे, "होती."

वीस वेळा. विसाव्या वेळीही तिनं मान वर केली नाही. आणि खरं सांगते, तेव्हासुद्धा मला हेवाच वाटत होता. एवढी रागावलेली, पण अक्षर एकही वाकडं नव्हतं.