तांब्याचा फेस, गुळव्याचा हात

गोंदियाहून निघालेली गाडी मिरज सोडून पुढं आली आणि दोन्ही बाजूंना उसाचे तुरे दिसायला लागले. माझ्या पायाशी करड्या भुकटीचा डबा होता. शेजारच्या मावशींनी तो निरखून विचारलं, "मिश्री हाय व्हय?" तांब्याचं खनिज म्हटल्यावर त्या जरा सरकून बसल्या.

मी तांब्याच्या खाणीवर नोकरीला. घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिलाच, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. आमच्या भुकटीत थोडं मॉलिब्डेनम असतं. पोलादाला बळ देणारा हा धातू कोल्हापूरच्या फाउंड्र्या विकत आणतात. आमच्याकडं तो तांब्याबरोबर फुकट जातो. तो वेगळा काढायची कल्पना माझी. त्यासाठी खाणीनं कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत चाचणीची एकच फेरी मंजूर केली होती; जमलं नाही तर विषय बंद. सोबत माझ्या वरिष्ठ, नागपूरच्या राऊत मॅडम.

स्टेशनबाहेर मिसळ खाल्ली. पहिल्या घासाला मॅडमनी आपली सावजीच तिखट असं जाहीर केलं, दुसऱ्या घासाला पाणी मागवलं.

मग प्रयोगशाळा. यंत्रात भुकटी, पाणी, थेंबभर डिझेल आणि तांब्याला खाली दाबून ठेवणारं, कुजक्या अंड्याच्या वासाचं रसायन. खालून हवेऐवजी नायट्रोजन, म्हणजे रसायन लवकर वाया जात नाही. बुडबुड्यांना चिकटून मॉलिब्डेनम वर येतं. तो फेस पट्टीनं ओढून घ्यायचा. दिवसभरात दोनदा केलं. दोन्ही वेळा फेसात तांबं भरमसाट. रसायन वाढवूनही तेच.

संध्याकाळी मॅडमना घेऊन कळंब्यापलीकडं आमच्या गावी गेलो. माझे वडील, आबा, गुळव्या (गूळ रांधणारा कारागीर). गुऱ्हाळात मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत होता. "बसा की पावणं," म्हणत आबांनी मॅडमच्या हातात काकवीची वाटी दिली आणि माझ्या हातात झारा. भेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी, म्हणजे रसातल्या घाणीचा फेस, मी झारा खोल घालून भराभर काढायला लागलो. थोडा रस गेला तर जाऊ दे, मळी राहायची नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं.

मॅडमनी वाटी खाली ठेवली. "सकाळपासून तू हेच करून राहिला होता," त्या म्हणाल्या. "तिथं फेस म्हणजे घाण नाही बाप्पा, माल आहे. खालचं पाणी ओढशील तर तांबं येईनच."

आबांना सगळं समजावलं. ते बराच वेळ हसत होते. "म्हंजे फेस ठेवायचा? आन् आमी जन्मभर फेकून दिला. एवढं शिकून बी मळीच काढत हुतास व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी फेस जाड होऊ दिला, त्यातलं पाणी निथळू दिलं आणि वरचा थर तेवढा अलगद ओढला. हात सारखा आत जायला बघायचा. मॅडम नुसत्या खाकरायच्या. दुपारी निकाल आला. मॉलिब्डेनम बहुतेक सगळं वर आलं होतं, तांबं नावापुरतं. विषय बंद होणार नव्हता.

परतीच्या गाडीत डब्याच्या जागी आबांनी दिलेली गुळाची ढेप होती. पदवी मिळाली की जुना हात सुटतो, असं मला वाटायचं. सुटत नाही, कुठं थांबायचं तेवढं त्याला सांगावं लागतं. मिरजेच्या पुढं मॅडमनी गुळाचा खडा उजेडात धरून पाहिला. मळीचा मागमूस नव्हता. त्या काहिलीची मळी मी काढली होती, हे मी त्यांना गोंदियापर्यंत दोनदा सांगितलं.