वायरीचं टोक, आणि बाबाशी बोललेलं खोटं

मित्रहो, आज मले माझाच राग येऊन राह्यला.

मी यवतमाळच्या विमानतळावर शिकाऊ वैमानिकांच्या विमानांची दुरुस्ती करते. एका छोट्या विमानाची बॅटरी उडताना इंजिनावरच्या अल्टरनेटरकडून चार्जच होत नव्हती. आधी बॅटरी बदलली, मग चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर.

माझे बाबा आर्णीत ट्रॅक्टरचं वायरिंग करतात. परवा फोनवर म्हणाले, "अल्टरनेटरची वायर टोकापाशी वाकवून पाह्य. वरून चांगली दिसते, पण आतून तुटली असते."

"बाबा, हे विमान आहे, ट्रॅक्टर नाही," मी फटकन बोलली.

काल जमिनीवर चार्जिंग ठीक दिसलं, म्हणून ती वायर न पाहताच मीच सही करून विमान सोडलं. आज हवेत बॅटरी उतरून रेडिओ बंद पडला. शिकाऊ पोरीनं विमान सुखरूप उतरवलं, पण खाली आल्याबरोबर तिनं पहिला फोन घरी लावला.

इंजिन थंड झाल्यावर मी ती वायर वाकवली. टोक हातातच आलं.

दोष सापडला म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मी बाबाचं नाव न घेता ती घेतली.

संध्याकाळी बाबाचा फोन आला. "सापडलं का वं?"

"हो. दुसरंच काही निघालं."

"बरं झालं. आपल्याले काय समजते विमानातलं!"

आता तुम्हीच सांगा, बाबाले खरं कोणत्या तोंडानं सांगू?