खांबाला बांधलेला पाळणा

लढाईचे दिवस. सांगलीजवळची ती सुताची गिरणी रात्रंदिवस चालायची, आणि तिच्या पाळणाघरात हरणाबाईचं काम एकच, घासायचं. आया सकाळी भोंग्याला पोरं ठेवून साच्यावर सूत काढायला पळाल्या, की पोरांनी जे जे चाटलं, चावलं, ओलं केलं ते सगळं हिनं घासायचं. खुळखुळे, लाकडी घोडे, पाट, पाळणे. राखेनं घासा, उकळत्या पाण्यातून काढा, उन्हात मांडा. वाळतात न वाळतात तोच मेल्यांनी पुन्हा तोंडात घातलेच! आटपाडीकडची धनगराची बाई ती. बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या.

"तिकडं पाण्यावाचून हाल, हितं पाण्यापायी हाल," ती म्हणायची, आणि पुन्हा बादलीत हात घालायची.

पाळणा घासायची तिची एक तऱ्हा होती. रिकामा पाळणा हलवू नये, लेकराला बाधतं, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. म्हणून ती आधी पाळणा खांबाला दोरीनं करकचून बांधायची आणि मगच घासायची. पाळणाघरातल्या नर्सबाई हसायच्या.

"हसा बाई," ही म्हणायची आणि गाठ आणखी आवळायची.

त्या थंडीत घटसर्प आला आणि साच्यावरच्या चंद्राबाईचं वर्षाचं पोर गेलं. काय गुणी पोर होतं! कुणाकडंही झेपावायचं. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी बजावलं, त्याचा पाळणा, चिरगुटं, खुळखुळा आजच्या आज उकळत्या पाण्यातून काढा. उद्यापासून त्या पाळण्यात बनाबाईची तान्ही झोपणार. हरणाबाईनं चुलीवर आधण ठेवलं, पाळणा खांबाला बांधला, तर दारात चंद्राबाई उभी.

"आवं मावशी, धुऊ नगा."

"आगं, धुवाय पायजे गं. उद्या दुसऱ्याचं लेकरू निजणार हाय त्यात."

"खुळखुळ्यावर त्येच्या दातांचं वण हायती. चिरगुटाला वास हाय अजून." चंद्राबाईनं खुळखुळा उचलून छातीशी धरला. "धुतलं म्हंजे काय ऱ्हाईल माज्याजवळ?"

हरणाबाईचा जीव अगदी विटून गेला. जळो हे काम, रोज उठून लेकरांच्या खुणा पुसायच्या! सोडून द्यावं आणि आपलं मेंढरांमागं जावं. पण बनाबाईची तान्ही काही डोळ्यांपुढून हलेना. आणि चंद्राबाईही समोर उभी.

तिनं खांबाची गाठ सोडली. उभ्या जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं.

"हलीव पोरी," ती म्हणाली. "आदण उकळंस्तवर पाळणा तुजा."

चंद्राबाईनं दोरी धरली. रिकामा पाळणा कुरकुरत हलू लागला. तिनं जोजवलं, नाव घेऊन हाका मारल्या, मग गळा काढून रडली. हरणाबाई चुलीकडं तोंड करून बसली, आणि जाळ वाढला की एकेक लाकूड मागं ओढत राहिली.

तरी पाणी शेवटी उकळलंच. चंद्राबाईनं ते बघितलं. मग खुळखुळा आपल्या हातानं पाण्यात सोडला, पाळणा थांबवला, आणि खांबाची गाठ तिनंच आवळली.

"वता मावशी," ती म्हणाली. "बनाबाईची लय बारीक हाय."